शनिवारची शेपटी

अलिबागेतल्या कुत्र्यांना वार कळतो. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. सोमवार ते गुरुवार आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार-पाच कुत्री आडवी पडलेली असतात आणि त्यातलं एकही माझ्यासाठी मान उचलत नाही. स्कूटर मीच वळवून घ्यायची. हॉर्न वाजवला तर एक डोळा उघडतो, आलेला माणूस कामाचा नाही याची खात्री करून घेतो आणि मिटतो. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हीच मंडळी उठतात, पुढचे पाय लांब करून अंग ताणतात, कान फडफडवतात आणि समुद्राच्या दिशेने चालू लागतात. पुण्या-मुंबईच्या गाड्या त्या वेळी वडखळच्या कोंडीत अडकलेल्या असतात. पर्यटक अजून पोचायचा असतो, स्वागत समिती जागेवर हजर.

घरपट्टी मी भरतो. पाणी येवो न येवो, पाणीपट्टीही भरतो. यांच्या पणज्यांना माझ्या आजीने भात-आमटी घातलेली आहे. एवढा पिढीजात घरोबा असताना, रात्री अकराला कुणाकडून जेवून परतलो की यांच्यातला प्रत्येक जण मला जन्मात प्रथमच पाहत असल्यासारखा भुंकतो. मी नावाने हाक मारतो. त्याने भुंकणं वाढतं. नावं ठाऊक असलेला चोर जास्त धोक्याचा, असा त्यांचा अनुभव असावा. आणि त्याच रात्री एक वाजता कुठल्याशा रिसॉर्टमधले चार तरुण, पाय एकीकडे नि तोल एकीकडे, गाणी म्हणत आमच्याच गल्लीतून समुद्रावर निघतात, तेव्हा हीच कुत्री निमूट त्यांच्याबरोबर चालतात. एक पुढे, दोन मागे. एवढा बंदोबस्त आमच्या गल्लीत पालकमंत्र्यांनाही मिळालेला नाही.

म्हणजे वाटणी अशी ठरलेली आहे: शेपटी पाहुण्यांना, भुंकणं आम्हाला.

याचं मूळ अर्थकारणात आहे. अलिबाग हे एके काळी कोर्ट-कचेरीचं, नारळ-पोफळीचं आणि मासळीचं गाव. बाहेरचा माणूस यायचा तो तारखेला यायचा, आणि कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस कुत्र्याला बिस्कीट घालायच्या मनःस्थितीत नसतो. मग शनिवार-रविवारचं पर्यटन वाढलं. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर तासाभरात गाडीसकट इकडे उतरू लागला. दोन माडांच्या मध्ये झोपाळा टांगला की त्याला रिसॉर्ट म्हणायची पद्धत पडली. आम्ही कर्ज काढलं, खोल्या बांधल्या, एसी बसवले, गरम पाण्याचे गीझर लावले. कुत्र्यांनी यातलं काहीच केलं नाही. ती फक्त वाळूत जाऊन बसली, आणि परतावा आमच्या आधी त्यांना सुरू झाला.

आमच्या गल्लीतला खंड्या हा या धंद्यातला जुना जाणता माणूस. (माणूसच म्हणतो, कुत्रा म्हटलं की त्याच्या व्यवहारज्ञानाचा नीट अंदाज येत नाही.) तांबूस रंग, चारही पायांत पांढरे मोजे, एका कानाला नसबंदीची खाच. आमच्याकडे तो खंड्या. चहाच्या टपरीवर त्याला ‘शेठ’ म्हणतात. पलीकडच्या कॉटेजवाल्यांनी पाहुण्यांना जड जाऊ नये म्हणून ‘ब्रूनो’ ठेवलंय. आणि पुण्याचं एक कुटुंब दर नाताळात येऊन त्याला ‘शेरा’ म्हणतं. तो चारही नावांना ओ देतो, पण ज्याच्या हातात काही असेल त्याच्या नावाला आधी.

त्याची कामाची पद्धत एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. नवशिकं कुत्रं पर्यटकाच्या अंगावर उड्या मारतं, पोरं किंचाळतात, आई “हाड, हाड” करते, संपलं. खंड्या तसलं काही करत नाही. तो आधी कुटुंब निवडतो. बाप मोबाइलवर, आई टोपी शोधतेय, आजी चटईवर, आणि सात-आठ वर्षांचं एक कंटाळलेलं मूल: ही त्याची आवडती रचना. त्यांच्यापासून सहा-सात फुटांवर ओलसर वाळू पाहून तो पुढच्या पायांनी खड्डा उकरतो. खालची गार वाळू वर आली की त्यात पोट टेकून बसतो, कुटुंबाकडे पाठ करून, तोंड समुद्राकडे. आणि मग एक सुस्कारा सोडतो. नाकातून, लांबलचक, शेवटी जरासा थरथरणारा. क्षितिजाकडे बघत असा सुस्कारा सोडणाऱ्या कुत्र्याला काहीतरी दुःख असलं पाहिजे, असं त्या मुलाला वाटतंच. “आई, तो एकटाच आहे.” झालं. पुढचे दोन दिवस तो एकटा नसतो.

खायला काय मिळालं यावरही त्याचं बारीक लक्ष असतं. मंगळवारी ग्लुकोजचं बिस्कीट तो हवेतल्या हवेत झेलतो. तेच बिस्कीट शनिवारी समोर टाकलं तर हुंगतो, मान वळवतो आणि देणाऱ्याकडे अशा नजरेने बघतो की दाता खजील होऊन उठतो आणि ऑम्लेट-पाव घेऊन येतो. रविवारी दुपारी खानावळींच्या मागच्या दारी सुरमईची डोकी आणि कोळंबीची सालं निघतात तेव्हा तो ऑम्लेटकडेही बघत नाही. सोमवारी सकाळी आमच्या दारात येऊन कालची पोळी मात्र अगदी मन लावून खातो, जणू पोळीसाठीच जन्म घेतला. या सोमवारच्या प्रेमावर माझ्या आईचा अजूनही विश्वास आहे.

हे वारानुसार बदलणं कुत्र्यांनी कुठे पाहिलं असेल असा प्रश्न पडायचं कारण नाही. शनिवारी दुपारी आमच्यातले कॉटेजवाले काका फाटकात उभे राहून “या, या! घर आपलंच समजा” म्हणतात ते गल्लीला ऐकू जातं. सोमवारी सकाळी तेच काका चादरी मोजत, टॉवेल कमी भरले म्हणून जे बोलतात तेही गल्लीला ऐकू जातं. फाटकाच्या सावलीत पडलेली कुत्री दोन्ही ऐकतात.

पर्यटकांना वाटतं, कुत्री सोबत चालतात म्हणजे राखण करतात. या राखणीत एक मेख आहे. आमचा किनारा दिसायला सलग आहे, पण कुत्र्यांच्या दफ्तरी त्याचे सातबारे वेगवेगळे आहेत. किल्ल्यासमोरचा पट्टा एका टोळीचा, वरसोलीकडचा दुसऱ्या, कोळीवाड्याकडे तिसरीच भाऊबंदकी. पर्यटक एकटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला तर त्याला कुणी विचारत नाही. पण खंड्या प्रेमाने त्याच्याबरोबर चालू लागला की हद्द ओलांडताक्षणी पलीकडची सात कुत्री दात विचकत येतात. खंड्या लगेच पर्यटकाच्या दोन पायांच्या मधे शिरतो आणि तिथून गुरगुरतो. मोठा गदारोळ होतो, माणूस वाळू फेकतो, चप्पल फेकतो, आणि शेवटी पलीकडची टोळी मागे हटते. परत आल्यावर तो सगळ्यांना सांगतो, “या कुत्र्याने आज आम्हाला वाचवलं.” मग खंड्याला चिकन लॉलीपॉप. भांडण कुणामुळे झालं हे विचारण्याइतका वेळ शनिवार-रविवारात नसतो.

कुलाबा किल्ल्याचं खातं आणखी वेगळं आहे. किल्ला समुद्रात; ओहोटीला चालत किंवा घोडागाडीतून जायचं, भरती लागण्याआधी परत यायचं, नाहीतर होडीची वाट पाहायची. कान्होजी आंग्र्यांच्या काळापासून या वेळापत्रकात बदल झालेला नाही, तरी पर्यटक ते मोबाइलवर पाहतो आणि तरीही चुकतो. कुत्री चुकत नाहीत. पाणी घोट्याखाली गेलं की पहिल्या घोडागाडीमागून टाप-टाप करत निघतात, किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळाबाहेर खोबऱ्याच्या तुकड्यांची वाट पाहत बसतात, गोड्या पाण्याच्या तळ्याकडे एक फेरी मारतात आणि वेळ झाली की उठतात. एका घोडागाडीवाल्या दादांना कुणीतरी विचारलं, “परत कधी निघायचं?” ते म्हणाले, “कुत्री निघाली की निघा. ती गेल्यावर फोटो काढत बसलात तर होडीचे पैसे वेगळे.” अलिबागेत मिळालेला इतका नेमका सल्ला मी दुसरा ऐकलेला नाही.

आता थोडं विज्ञान. आमच्या गावात भूचुंबकीय वेधशाळा आहे हे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मुंबईच्या कुलाब्यात 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत. मग शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, त्या विजेने नोंदी बिघडणार हे उघड होतं, तेव्हा 1904 मध्ये ते काम अलिबागेत हलवण्यात आलं. मुंबईच्या गडबडीला कंटाळून अलिबागेत येण्याची प्रथा ही अशी शास्त्रज्ञांनी पाडलेली आहे. तर या चुंबकत्वाचा आणि कुत्र्यांचा संबंध आहे, आणि तो मी जोडलेला नाही. झेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं 70 कुत्र्यांच्या मागे फिरून, ती प्रातर्विधीला बसतात तेव्हा तोंड कुठल्या दिशेला असतं याच्या 1893 नोंदी केल्या. (लघुशंकेच्या 5582, पण तिथे नर पाय वर करतात, त्यामुळे हिशोब गुंतागुंतीचा होतो.) निष्कर्ष असा निघाला की पृथ्वीचं चुंबकक्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री शक्यतो उत्तर-दक्षिण बसतात. 2014 मध्ये त्यांना याबद्दल इग नोबेल मिळालं.

हे वाचल्यावर मला राहवेना. जगातली एक जुनी चुंबकीय वेधशाळा हाकेच्या अंतरावर आणि खंड्या दारात, अशी सोय युरोपातही कुणाला नसेल. मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन मी सकाळी सकाळी त्याच्या मागे उभा राहू लागलो. खंड्याला ते आवडलं नाही. तो मान वळवून बघायचा, उठायचा, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बसायचा. मी चार पावलं पुढे. समोरच्या वहिनी अंगणात सडा घालत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि माझ्या बायकोला फोन केला. संशोधन तिथे थांबलं. तरी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली होती: खंड्याची दिशा उत्तरही नव्हे, दक्षिणही नव्हे, माझं फाटक. फाटक पश्चिमेला आहे. पण चुंबकक्षेत्र शांत असेल तरच, असं त्या संशोधकांनी म्हटलेलं आहे, आणि पर्यटनाच्या हंगामात अलिबागेत शांत काय असतं?

रो-रोने माणसांबरोबर त्यांची कुत्रीही येऊ लागली, हा गेल्या काही वर्षांतला नवा प्रकार. मांडवा, सासवणे, किहीम, आवास या पट्ट्यात मुंबईच्या बड्या लोकांची फार्महाउसं आहेत आणि शनिवारी त्यांच्या गाड्यांच्या काचांतून सोनेरी डोकी बाहेर आलेली दिसतात. असाच एक गोल्डन रिट्रीव्हर आमच्या समुद्रावर उतरला. त्याच्याबरोबर दोरी धरायला एक माणूस, बाटलीबंद पाणी पाजायला दुसरा, आणि मॅडम. बघता बघता आमची सहा कुत्री गोलाकार उभी राहिली. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण एकही भुंकलं नाही. एकेक जण पुढे यायचा, हुंगायचा आणि शिंकून मागे जायचा. शाम्पूचा वास असणार. एवढी मोठी आकृती, कुत्र्यासारखे कान, कुत्र्यासारखी शेपटी, आणि वास मात्र दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाचा. त्यांना या प्राण्याचं काय करावं कळेना.

मग मॅडमनी फोटोसाठी दोरी सोडली. रिट्रीव्हर साताठ पावलं आमच्या टोळीबरोबर धावला, भरतीने आणून टाकलेल्या एका सडक्या माशापाशी थांबला, त्याच्याकडे अतीव प्रेमाने पाहिलं आणि खांदा टेकवून त्यावर लोळला. आधी डावी बाजू, मग उजवी, मग पाठ, चारही पाय आकाशाकडे. मॅडमची किंकाळी वरसोलीपर्यंत गेली असेल. तो उठला तेव्हा त्याचा वास बरोबर झालेला होता. खंड्याने पुन्हा एकदा हुंगून खात्री केली आणि शेपटी हलवली. परतीच्या प्रवासात त्या गाडीच्या चारही काचा खाली होत्या.

असे स्नेहसंबंध पुढेही जात असावेत, कारण कोळीवाड्यात मागे एका विणीत पाच पिल्लं तांबडी-काळी आणि सहावं निळ्या डोळ्यांचं निघालं. त्याच्या बापाबद्दल कोळीवाड्यात बरीच मतं आहेत. सगळी मुंबईच्या पिन कोडची. पिल्लू मात्र आईवर गेलंय. उन्हात सुकत घातलेल्या जवळ्यावर मधोमध झोपतं. “ए मेल्या, उठ! गादी घातलीय का तुझ्यासाठी?” असं ओरडत मावशी झाडू घेऊन येतात, ते उठतं, मावशी वळल्या की त्याच जागी, त्याच आकाराच्या खळग्यात परत. तो जवळा पुढे कुठे विकला जातो याची चौकशी मी करत नाही. आम्ही जवळा दुसऱ्या गावाहून आणतो.

हा सगळा डामडौल ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये पाऊस लागला, गेटवेच्या लाँचेस बंद झाल्या, मासेमारी थांबली, टपऱ्यांवर निळी ताडपत्री चढली, की समुद्रावरचे हे सगळे शेठ एकेक करून गल्लीत परततात. आणि तेव्हा त्यांना आमची आठवण येते. पहिल्या सरीला खंड्या पायरीवर. दुसऱ्या दिवशी ओटीच्या कडेला. आठवड्याने ओटीवर, चपलांच्या शेजारी. आषाढात तो दाराच्या आत, पायपुसण्यावर, आणि तिथून स्वयंपाकघराच्या दिशेला रोज वीतभर सरकतो. घरभर ओल्या कुत्र्याचा वास. त्यात न सुकलेल्या कपड्यांचा मिसळला की कुठला कोणाचा हे कळत नाही. कुणी अनोळखी फाटकाशी आला तर तो आता आमच्या बाजूने भुंकतो. माझ्या मुलीच्या पायाशी झोपतो. दिव्यांच्या अवसेला आईने त्यालाही गोड दिवा खाऊ घातला. या दोन-अडीच महिन्यांत कुणी आम्हाला विचारलं तर कुत्रा आमचाच, असं आम्ही सांगतो.

नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात आणि त्याची नजर दाराबाहेर जाऊ लागते. गणपतीत मुंबईची चाकरमानी मंडळी घरोघरी, त्यामुळे उष्टं-खरकटं बरं असतं. मग पितृपक्ष. पानं वाढून आम्ही कावळ्याची वाट बघत उभे. कावळा माडाच्या झावळीत बसून विचार करत. आणि कुंपणाखालून खंड्या येऊन वडा, खीर, भाजी असा क्रमाने निकाल लावतो. शास्त्रात श्वानाचाही वाटा सांगितलाय, पण तो आधी घ्यावा असं कुठे म्हटलेलं नाही. आमच्या आजोबांना त्याने एकट्याने तृप्त करून झालंय. दसऱ्यापर्यंत त्याच्या बरगड्या झाकल्या जातात, आणि दिवाळीच्या सुट्टीची पहिली गाडी वळली की तो पायपुसण्यावरून उठून चालायला लागतो. मागे वळूनही बघत नाही. डिसेंबरात समुद्रावर मी त्याला हाक मारली, तो एका गुजराती कुटुंबाबरोबर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुरगुरला. त्या बाई मला म्हणाल्या, “अंकल, जरा लांबून जा, अनोळखी लोकांना तो चावतो.”

दत्तजयंतीच्या सुमारास आणखी एक घोळ असतो. चौलच्या टेकडीवर दत्ताची मोठी जत्रा भरते आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद, असं आई सांगते. त्या दिवसांत काठी उगारायची नाही असा तिचा दंडक. त्यामुळे एरवी जो आमच्या पायरीवर तंगडी वर करतो, तो त्या आठवड्यात ऋग्वेद असतो.

आता चावण्याचं. हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नाही. रेबीज झाला की उपाय नाही, आणि वेळेत लस घेतली की धोका जवळपास नाही, इतकं ते सरळ आहे. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. पण आमच्या गल्लीत कुणाला दात लागला की पहिली पंधरा मिनिटं सल्ल्यात जातात. एकीचं म्हणणं हळद, दुसऱ्याचं चुना, तिसऱ्याचं तिखट, आणि ओसरीवरचे आजोबा बजावतात, “पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात बरं!” ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली, हल्ली दंडात चार-पाच सुया, त्याही ठरलेल्या दिवशी. तरी पोटातल्या चौदाचा धाक काही गेलेला नाही. आजोबांना स्वतःला कधी कुत्रं चावलेलं नाही. त्यांना चावायला कुत्रंही घाबरत असावं. चावलं की किस्सा ऐकावा लागेल.

कायदा काय म्हणतो हे आता सगळ्यांना पाठ आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री सरसकट निवाऱ्यात न्या म्हटलं, अकरा दिवसांनी त्यात बदल करून पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची परत सोडा म्हटलं, आणि रस्त्यावर वाटेल तिथे खाऊ घालायला बंदी करून त्यासाठी जागा ठरवा म्हणून सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. आमच्याकडे प्रवाशांची रेल्वे अजून आलेलीच नाही, तेवढी कुत्र्यांची एक जागा वाचली. कित्येक वर्षं रेल्वेची मागणी करणाऱ्यांना अलिबागेत पहिल्यांदाच कुणीतरी विरोधक सापडेल असं दिसतं.

खाऊ घालायची जागा ठरवण्यासाठी आमच्या गल्लीची बैठक झाली. कुत्र्यांना एकाच ठिकाणी घालावं यावर पूर्ण एकमत. ती जागा समोरच्याच्या घरापुढे असावी यावरही पूर्ण एकमत. मुंबईत 1832 साली कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशांनी दंगल केली होती, असं मी इतिहासातलं उदाहरण दिलं, त्यावर कॉटेजवाले काका म्हणाले, “दंगल नको, पण पुढच्या महिन्यात माझं बुकिंग फुल्ल आहे, तोवर विषयच नको.” चहा झाला. बैठक चालू असताना खंड्या खुर्च्यांखालून फिरून प्रत्येकाच्या बशीतलं खारी-बिस्कीट गोळा करत होता, म्हणजे जागेचा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेला होता.

पर्यटक गेल्यावरही विषय संपत नाही, कारण आता त्यांच्याकडे आमचे मोबाइल नंबर आहेत. “काका, आमचा शेरा कसा आहे?” असा पुण्याहून फोन येतो. भर पावसात छत्री घेऊन मी शेराला शोधायला निघतो. ठाण्याची एक मुलगी ब्रूनोशी व्हिडिओ कॉलवर बोलते. ब्रूनो मोबाइलचा मागचा भाग चाटतो आणि तिकडे सगळे रडतात. तिघांनी त्याचे तीन वाढदिवस ठरवून टाकलेत: एक नाताळातला, एक 15 ऑगस्टचा, आणि एक थेट ठाण्याच्या मुलीच्या स्वतःच्या वाढदिवसाला जोडून. त्या दिवशी माझ्या खात्यात मोबाइलवरून पाचशे रुपये येतात, सोबत निरोप: त्याला उकडलेलं चिकन घाला, मीठ-मसाला नको, आणि फोटो पाठवा.

गेल्या वेळी मी ते इमानेइतबारे केलं. सकाळी चिकन आणलं, हिने बिनमिठाचं उकडलं, डबा घेऊन समुद्रावर गेलो. टपरीवाला म्हणाला, “शेठ? ते नाशिकच्या पार्टीबरोबर किल्ल्यावर गेलेत.” पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि होडीवाला जाऊन-येऊनचे पैसे मागत होता. डबा घरी आणला. हिने त्यात मीठ, मसाला, खोबऱ्याचं वाटण घालून दुपारी भाकरीबरोबर वाढलं, आणि ठाण्याला मी मागच्या वर्षीचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: “थँक यू काका, किती बारीक झालाय! आणखी पाचशे पाठवते.”